नमुना क्रमांक दोन

रुखसार: आधी पेढा तोंडात घाला आजी, मग विचारा काय ते.

साखराबाई: अगं पर कशाचा पेढा? नांदेडवरून यष्टीनं पार जळकोटापत्तुर घेऊन आलीस. लगीन ठरलं का तुपलं?

रुखसार: लगीन कुठलं? मी बत्तीस वर्षांची झाले, आता अम्मीनं सुद्धा विषय काढायचं सोडलं. तुमची शिंदी पहिली आली आजी!

साखराबाई: झाड कुठं पहिलं येतंय? तू शिकवतीस त्या क्लासात नाव घातलंस का काय तिचं? लातूर-नांदेडात हल्ली कुणालाबी घालून राहिलेत.

रुखसार: हसा, हसा. तुमच्या बांधावरच्या शिंदीच्या, त्या रानखजुराच्या फळांवर मी सहा वर्षं पीएचडी करून राहिले. फळात सूज उतरवायचा गुण हाय का, आन अंगातला गंज अडवायचा गुण हाय का, एवढंच बघायचं होतं.

साखराबाई: अंगाला कसला गंज चढतोय?

रुखसार: विळा पावसात बाहेर राहिला तर त्याचं काय होतं?

साखराबाई: तांबडा होतोय. आन सुनेचा उद्धार होतोय.

रुखसार: तसंच अंगात आतून थोडं थोडं होत असतं. ते अडवणाऱ्याला आम्ही अँटिऑक्सिडंट म्हणतो. तपासायला एक जांभळं पाणी असतं. त्यात फळाचा अर्क टाकायचा. जांभळा रंग उडून पाणी पिवळं पडलं की समजायचं, हाय गुण. पहिल्या वर्षी मी येऊन ताजी फळं नेली होती ना? तेव्हा रंग बेताबातानं उडाला. पण मागच्या वर्षीच्या सुकवलेल्या फळांनी, आजी, बघता बघता पिवळं धमक! माझे गाईड विरूपाक्ष सर खुर्चीतून उठले. ते कुलगुरू आले तरी उठत नाहीत.

साखराबाई: आन सूज?

रुखसार: तीही उतरली. उंदराच्या पायावर बघतो आम्ही. आधी सुजवायचा, मग औषध द्यायचं.

साखराबाई: बिचारं! त्यानं काय घोडं मारलं व्हतं?

रुखसार: तीन तासांत निम्मी सूज गेली त्याची. म्हणून तर पेढे. आता दहा जुलैला प्रबंध द्यायचा. त्याच्यापुढं मुदत नाही, सहा वर्षं संपली. दिला की डॉक्टर रुखसार. विष्णुपुरीच्या बाजूला एका कॉलेजात कायमची जागा निघालीय, पदवी असेल तर मिळते. आन क्लासच्या मालकांना तर माझ्याहून घाई. चौकातल्या बोर्डावर माझ्या फोटोखाली 'डॉ.' लावून मोकळे झाले.

साखराबाई: पोर व्हायच्या आदीच बारसं!

रुखसार: हौ ना. बरं, आता कामाचं. एकच ओळ लिहायची राहिलीय. तोंडी परीक्षेत विचारणार की नमुना क्रमांक दोन कसा सुकवला. मागच्या साली तुम्ही फळं घरीच वाळवून यष्टीच्या कंडक्टरजवळ दिली होती ना, तोच नमुना क्रमांक दोन. सांगा, किती दिवस वाळवली?

साखराबाई: आठ रोज. पत्र्यावर, मपल्या जुन्या लुगड्यावर.

रुखसार: लुगडं सुती?

साखराबाई: सुती. धुतलेलं. रातच्याला आत घ्यायची, सकाळी पुन्ना पसरायची. कावळ्याला एक बी उचलू दिलं न्हाई.

रुखसार: वा! 'स्वच्छ सुती कापडावर, आठ दिवस.' झालं.

साखराबाई: आन वाळू घालायच्या आदी एक रात भिजत.

रुखसार: भिजत? पाण्यात?

साखराबाई: हाव. हळदीच्या.

रुखसार: कशाच्या?

साखराबाई: हळदीच्या पाण्यात. बाभळीच्या काट्यानं एक एक फळ टोचायचं, न्हाईतर हळद आत जात न्हाई. दोन पायल्या फळं टोचली म्या. बोटाची चाळण झाली, पर तुला बोलले न्हाई.

रुखसार: आजी, थट्टा करताय ना माझी?

साखराबाई: थट्टा कशाची? घरचीच हळद. चांगली मुठी-मुठीनं टाकली, हात आखडला न्हाई. तू पेन काऊन खाली ठिवलंस?

रुखसार: मी ती फळं तीनदा धुतली होती.

साखराबाई: हळद धुवून जाती व्हय? लुगड्यावरचा डाग जातोय का कधी?

रुखसार: या अल्ला! तो पिवळा ठिपका.

साखराबाई: कसला ठिपका? चक्कर आली का? सूनबाई! अगं सुकन्या, पाणी आण!

रुखसार: तपासणीच्या पट्टीवर एक पिवळा ठिपका यायचा आजी. नमुना एकमध्ये नव्हता, दोनमध्ये होता. मी म्हणलं, उन्हात वाळल्यानं फळात नवीन काहीतरी तयार झालं. 'नवा घटक' असं नाव दिलं त्याला. सहा पानं लिहिली त्याच्यावर. सहा पानं हळदीवर लिहिली मी, आन मलाच ठाऊक नाही!

साखराबाई: मंग त्यात वाईट काय? हळद का इख हाय?

रुखसार: हळदीत हेच दोन्ही गुण असतात. सूज उतरवायचा आन गंज अडवायचा. शाळेतल्या पोरालाही ठाऊक हाय. आता मला कसं कळावं उंदराची सूज कुणी उतरवली? तुम्ही कशाला घातली हळद? मी तुमच्याकडं फळं मागितली होती!

साखराबाई: आवाज चढवू नको. तू फळं न्हाई मागितलीस.

रुखसार: फोनवर मी काय बोलले?

साखराबाई: 'आजी, ती सुजेच्या औषधाची फळं वाळवून पाठवा.' ह्येच बोललीस. तू औषध मागितलंस, म्या औषध दिलं. नुसतं फळ म्हंजी खाऊ झाला. पोरं खिशात भरून शाळंत नेत्यात, म्हणून काय ती वैद झाली?

सुकन्या: पाणी घ्या मॅडम. चहा टाकलाय. काय झालं आत्याबाई? आवाज पार गोठ्यापर्यंत आला.

साखराबाई: काय न्हाई. म्या हिचं वाटोळं केलं म्हणती.

रुखसार: तसं नाही म्हणले मी.

साखराबाई: तोंडानं न्हाई म्हणलीस. ऐक आता. भुकंपात आमी औश्याकडं मपल्या माहेरी व्हतो, गणपतीला गेल्तो. गणपती बुडवले आन पहाटं माळवद खाली आलं. ह्यांचा पाय तुळईखाली. हाड बसवलं ते पलटणीच्या डाक्टरनं, त्याचं नाव घेतल्याबिगर पाणी पिऊ न्हाई. पर सूज हटंना. पाय म्हंजी भोपळा झालता. मंग मपली सासू शिवम्मा इथून बैलगाडीनं, टरकानं, जसं जमंल तसं आली. तिकडं माणसं भांडीकुंडी धुंडून राहिलती आन ही कमरंला मडकं बांधून आली. त्यात हीच फळं. हळदीत भिजवून वाळवलेली. वाटून लावली, चारली. आठ रोजांत तुपला ग्यानोबा आजा काठी टेकून उभा.

रुखसार: हे अब्बांनी सांगितलं होतं मला. आजोबा आमच्या अत्तारीच्या दुकानात मध घेऊन यायचे, तेव्हा पाय दाखवायचे म्हणे.

साखराबाई: दाखवायचेच! पायाचं लई कौतिक त्यांना. म्हणून तर तू इथवर आलीस. मंग शिवम्माची रीत सोडून तुला कशी दिऊ? एवढी शिकलेली पोर, तिला अर्धंच औषध दिऊ?

सुकन्या: थांबा, मला समजू द्या. फळांना हळद लागली होती, आणि ते तुमच्या प्रबंधात नाही. एवढंच ना?

रुखसार: एवढंच. म्हणजे सगळंच.

सुकन्या: मग हे कुणाकुणाला ठाऊक आहे? आत्याबाई, तुम्ही आणि मी. म्हशीनं ऐकलं असेल तर ती काही बोलायची नाही.

रुखसार: सुकन्याताई!

सुकन्या: रागावू नका. मी स्पष्ट बोलते. तुमच्या त्या निकालावर आमच्या बचत गटानं शिंदी चूर्णाची लेबलं छापायला टाकलीत. 'सूज उतरवणारी शिंदी.' अकरा बायका आहेत. मी त्यांना काय सांगू? आणि तुमची सहा वर्षं? क्लासमध्ये दिवसभर बोंबलायचं आणि संध्याकाळी प्रयोगशाळेत जायचं, बघितलंय ना मी. खोटं कुठं लिहिताय? पाणी पिवळं झालं ते झालंच. उंदराचा पाय उतरला तो उतरलाच.

रुखसार: उतरला. पण मी लिहिलंय की फळानं उतरवला. दोघींनी मिळून भाकरी थापली आन मी एकीलाच शाबासकी दिली. दुसरी चुलीपुढं होती हेच मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. आता तेच वाक्य ठेवलं तर ती चूक नाही राहत, लबाडी होते.

साखराबाई: मंग हळदीसकट लिही की.

रुखसार: कसं लिहू? हळद किती गेली आत, तुम्हाला ठाऊक?

साखराबाई: मूठ.

रुखसार: किती मुठी?

साखराबाई: मन भरंस्तवर.

रुखसार: बघा. हे माप मी कुठल्या तक्त्यात मांडू?

साखराबाई: म्हंजी मपलं औषध खोटं हाय का?

रुखसार: नाही आजी. रडू नका. तुमचं औषध खरं असेल, कदाचित लई खरं असेल. माझं लिहिलेलं खोटं झालं. आन चूक तुमची नाही. नमुना स्वतः गोळा करावा, हा पहिला धडा. पोरांना मी फळ्यावर लिहून देते. मागच्या जूनमध्ये क्लासला रिपीटरच्या चार बॅचा सुरू झाल्या. मालक म्हणले, मॅडम, एक दिवस पण सुट्टी नाही. मी म्हणलं, जाऊ दे, आजी पाठवतील. एका दिवसाची सुट्टी वाचवली आन अख्खं वर्ष घालवलं. मलाच माझा राग येऊन राहिलाय.

सुकन्या: चहा घ्या आधी. निवतोय.

रुखसार: नको. आधी सरांना फोन लावते. आता नाही लावला तर संध्याकाळपर्यंत माझंच मन मला दुसरं काहीतरी पटवून देईल.

साखराबाई: लाव. आमी गप बसतो.

रुखसार: सर, रुखसार बोलते. हौ, जळकोटलाच हाय. सर, नमुना दोनमध्ये हळद हाय… हळद सर, स्वयंपाकातली… नाही, सांडली नाही, मुद्दाम भिजवलीत… हौ, टोचून.

साखराबाई: काय म्हणतेत?

रुखसार: थांबा आजी, ऐकू द्या… सर? हौ सर. चौथं प्रकरण सगळं. आन नवा घटक पण… नाही, मी आपणहून विचारायला आले. तुम्हीच म्हणायचे, विचारायला लाजू नका… नाही सर. तसा नाही देता येणार… कोणी बघितलं नाही हे खरं हाय, पण मी बघितलं ना.

सुकन्या: तेही माझ्यासारखंच म्हणतायत वाटतं.

रुखसार: सर, माझं ऐकून घ्या. तीन भांडी लावते. एकात नुसतं फळ, एकात नुसती हळद, एकात आजीच्या रीतीनं दोन्ही मिळून, पण मोजून. मग कळेल कोण किती काम करतं… सहा महिने. शेवटची मुदतवाढ मागते, अर्ज मी लिहिते… नाकारला तर नाकारला. कारणात 'नमुना गोळा करताना संशोधिकेची चूक' असं लिहिणार, तुमचं नाव कुठं येणार नाही… काय म्हणलात सर? … हौ. शुक्रिया सर. ठेवते.

साखराबाई: अगं सांग ना, काय म्हणले?

रुखसार: म्हणले, अर्जात 'गाईडचंही दुर्लक्ष' अशी ओळ घाल, मग सही करतो. आन म्हणले, पहिल्यापासून आजींना विचारलं असतं तर हाच विषय दुप्पट चांगला झाला असता.

साखराबाई: शहाणा हाय माणूस. खुर्चीतून उठत नसला तरी.

सुकन्या: आणि विष्णुपुरीची ती जागा?

रुखसार: गेली. दुसरी निघेल नाहीतर नाही निघणार. रडू येतंय ताई, खोटं कशाला बोलू? पण आता रडत बसले तर फळं संपतील. बोर्डावरचा तो 'डॉ.' पण उतरवायला सांगते. मालक चिडले तर माझा फोटो पण उतरवतील. उतरवू देत. ह्या सहा महिन्यांत मी बॅचा निम्म्या करणार हाय.

सुकन्या: आणि आमची लेबलं?

रुखसार: थांबवा. आजच फोन करा. सहा महिन्यांनी जे खरं निघेल ते छापू. हळद लागेलच असं निघालं तर हळद छापू. अकरा बायकांपुढं मी स्वतः येऊन बोलते, तुम्ही एकट्या पडू नका.

सुकन्या: ते एक बरं. त्या आधी माझ्यावरच धावून येतील. लावते छापखान्याला फोन.

रुखसार: आजी, यंदाची फळं हायत ना झाडाला?

साखराबाई: आता कुठली? मिरगातच उतरवली. पोरांनी खाल्ली, बाकीची वाळवली. हळद लावून.

रुखसार: एक पण नाही? ते बांधावर काय दिसतंय नारिंगी?

साखराबाई: तो पाखरांचा घड हाय.

रुखसार: म्हणजे?

साखराबाई: बुटक्या शिंदीचा शेवटचा घड कुणी काढत न्हाई. शिवम्माची रीत. झाड आपलं न्हाई, पाखरांनी बी टाकलं म्हणून उगवलं. मंग मागचा घड त्यांचा. भुकंपाच्या साली बी आमी हात लावला न्हाई त्याला.

रुखसार: मग राहू द्या. दुसऱ्या गावात बघते.

साखराबाई: दुसऱ्या गावचं झाड न्यारं, माती न्यारी. तूच म्हणली व्हतीस, झाड बदलून चालत न्हाई.

रुखसार: म्हणले होते.

साखराबाई: मंग? आता बदलून कसं चालंल? अर्धा घड घे. अर्धा पाखरांना राहू दे.

रुखसार: आन शिवम्माची रीत?

साखराबाई: शिवम्मा बैलगाडीतून मडकं घेऊन आल्ती ते रीत सांभाळायला न्हाई, पाय वाचवायला. म्या घालीन पाखरांना चार रोज ज्वारी. समजून घेतेत ती, माणसाइतकी हट्टी नसतेत. आण ती आकडी. घड हाताला येतोय तितक्या उंचीवर, म्या वाकवून देते.

रुखसार: थांबा. थांबा आजी! हात लावू नका.

साखराबाई: काऊन?

रुखसार: हात दाखवा तुमचे.

साखराबाई: अगं बाई! सकाळीच कालवण केलंय. थांब, धुवून येते.

(हापशाचा आवाज. थांबतो, पुन्हा सुरू होतो.)

साखराबाई: घे बघ. साबण लावला, राख लावली, वरून लिंबू घासलं. वास घे हवा तर.

रुखसार: नखं?

साखराबाई: ही काय.

रुखसार: पिवळी हायत.

साखराबाई: पन्नास वर्सांची हळद हाय ती पोरी. एका हापशानं निघंल व्हय?

रुखसार: नाही निघायची. म्हणून तुम्ही इथं बाजंवर बसा. फळं मी काढते. तुम्ही फक्त सांगा, कोणतं पिकलं, कोणतं नाही. आन या खेपेला सगळं सांगा आजी. मी विचारलं नाही तरी सांगा.

साखराबाई: सगळं?

रुखसार: सगळं.

साखराबाई: मंग घडाला हात लावायच्या आदी मला एक सांग. आज सकाळी घरून कशी निघालीस? उपाशी का सैपाक करून?

रुखसार: अम्मीसाठी खिचडी टाकून निघाले.

साखराबाई: पिवळी?

रुखसार: …हौ.

साखराबाई: जा. साबण हापशावरच ठिवलाय.